चांगुणाची बोलणी

सिंधूताईंनी कागदाची पातळ पट्टी चांगुणाच्या ओठांसमोर धरली आणि स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवले.

"पान."

चांगुणाने ओठ मिटून उघडले. पट्टी थरथरली. सिंधूताईंनी मान हलवली, मग तिचे बोट उचलून स्वतःच्या नाकाच्या कडेला टेकवले.

"मान."

आता पट्टी हलायला नको होती आणि बोटाला आतली गुणगुण लागायला हवी होती. पान, बाण आणि मान हे तिन्ही शब्द बोलणाऱ्याच्या ओठांवर अगदी सारखे दिसतात. ज्यांना ऐकू येते त्यांच्या हे कधी ध्यानात येत नाही. चांगुणाला मात्र त्यांतला फरक बोटांनी, श्वासाने आणि पुष्कळदा नुसत्या अंदाजाने ओळखावा लागे.

मेहकरच्या पेठेत किसनराव नावाच्या कापड व्यापाऱ्याने दुकानामागच्या दोन खोल्या या शाळेला दिल्या होत्या. त्याचा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा होता आणि तरुणपणीच वारला, एवढेच त्यामागचे कारण लोकांना ठाऊक होते. नवे मराठी राज्य झाले त्याच्या पुढच्या-मागच्या वर्षी शाळा सुरू झाली. सिंधूताई गावच्याच, बौद्ध वस्तीतल्या. मुंबईला राहून बहिऱ्या मुलांना शिकवण्याचे शिक्षण घेऊन आलेल्या. तिथे त्यांना दोन गोष्टी पक्क्या सांगितल्या गेल्या होत्या. मुलांशी शुद्ध बोलायचे, आणि त्यांना हातवारे करू द्यायचे नाहीत. हात चालू लागले की ओठ आळशी होतात. म्हणून वर्गात मुले हाताची घडी घालून बसत. मधल्या सुट्टीत मागच्या अंगणात त्यांचे हात सुटत, तेव्हा सिंधूताई खिडकीकडे पाठ करून डबा खात.

काम फार हळू चाले. कुणी वर्षभर येऊन दोन शब्दांवर शाळा सोडी. दिवाळीची सुट्टी संपवून मुले परत येत तेव्हा त्यांचे आवाज पार बिघडलेले असत आणि पुन्हा फुंकर मारण्यापासून सुरुवात करावी लागे. एका मुलाला मोठ्या मेहनतीने 'आई' म्हणता आले, तर ते त्याच्या आईला समजलेच नाही; सिंधूताईंना तिला शेजारी उभे राहून सांगावे लागले. ती बाई मग रडली, पण सांगितल्यावर.

चांगुणाचे तसे नव्हते. तिसऱ्या वर्षी तापात तिचे कान गेले होते. त्याआधी ऐकलेले काहीतरी तिच्या जिभेत शिल्लक राहिले असावे, असे सिंधूताईंना वाटे. आता ती सोळा वर्षांची होती आणि तिचे शब्द परक्या माणसालाही कळत. शाळेच्या मागच्या समारंभात तिने मंचावर उभे राहून आपले नाव, गाव आणि चार वाक्ये म्हटली होती. त्यानंतर सिंधूताई लोकांपुढे म्हणाल्या होत्या की ही मुले मुकी नाहीत, त्यांना फक्त ऐकू येत नाही. तेव्हा चांगुणाचा बाप, झुपकेदार मिशीचा दयाराम, पुढच्याच रांगेत बसलेला होता.

आज तो वर्गाच्या दाराशी उभा होता. डोणगावहून वांगी घेऊन बाजाराला आला होता आणि माल विकून रिकामी टोपली तशीच सोबत आणली होती. सिंधूताईंनी मुलांना चित्रे काढायला देऊन त्याला बाहेरच्या ओट्यावर बसवले.

येत्या आयतवारी चांगुणाला पाहायला पाहुणे येणार होते, असे त्याने सांगितले. दुसरबीडचे. रस्त्याला लागून त्यांचे चहा-भज्यांचे हॉटेल होते, चालते होते. मुलाचे नाव इंद्रभान, तिघा भावांतला धाकटा. घर खाऊनपिऊन बरे होते आणि त्यांनी आपण होऊन निरोप पाठवला होता. असे स्थळ पुन्हा येणार नव्हते.

"चांगुणाला ऐकू येत नाही हे त्यांना सांगितलंत?" सिंधूताईंनी विचारले.

दयारामने टोपलीतला वांग्याचा एक वाळका देठ काढून टाकला. सांगितले नव्हते. आणि सांगायचे काय, असे त्याचे म्हणणे होते. पहिले मुकी होती तेव्हा सांगणे भाग होते. आता ती बोलते. बाईंनीच साऱ्या मेहकरापुढे ती मुकी नाही म्हणून सांगितले. मग त्यात खोटे ते काय राहिले?

पाहुणे येऊन विचारतात ते ठरलेलेच असते, तो म्हणाला. नाव काय, गाव कोणते, शिकली किती, स्वयंपाक येतो का. एवढ्याची उत्तरे चांगुणाला येत होती. अडचण प्रश्नांची होती. बोलताना कुणी मान खाली घालतो, कुणाच्या तोंडात पान असते. प्रश्न आलाय हेच पोरीला कळायचे नाही. त्यासाठी बाईंनी यावे. पाहुण्यांच्या मागे, पोरीला दिसेल असे बसावे आणि प्रश्न आला की तोच आपल्या तोंडाने, आवाज न करता म्हणावा.

"मी खोटं बोलणार नाही, दयारामभाऊ."

"तुमी बोलूच नका, बाई. ओठ हलवा फक्त."

नाही म्हणायला हवे हे सिंधूताईंना कळत होते. पण या दोन खोल्यांच्या बाहेर, अनोळखी माणसांत, चांगुणाच्या बोलण्याची परीक्षा अजून झालेली नव्हती. मंचावरची वाक्ये पाठ केलेली होती. त्यांनी पदराच्या टोकाने हातावरची खडूची भुकटी पुसली आणि कितीची एसटी सोयीची पडेल ते विचारले.

दयाराम उठला, पण गेला नाही. टोपली या हातातून त्या हातात घेत राहिला.

"अन् बाई, कोनी आडनाव इचारलं तं..."

"शाळेतल्या बाई म्हणा," सिंधूताई म्हणाल्या. "तेवढं पुरे."

त्याने मान हलवली आणि निघाला. जाताना वर्गात डोकावून त्याने चांगुणाच्या खांद्यावर थाप मारली, दोन बोटे हवेत चालवून दाखवली आणि बाजाराकडे बोट केले. चांगुणाला कळले. तिचा बाप तिच्याशी असाच बोले.

उरलेले दिवस सिंधूताईंनी तेवढे चार प्रश्न पक्के करून घेतले. लग्नाचे पोरीला माहीत होते; तानाबाईने, तिच्या आईने, गळ्याशी मंगळसूत्राची खूण करून आणि दुसरबीडच्या दिशेला हात करून ते तिला सांगितले होते. शनिवारी मुले गेल्यावर सिंधूताईंनी तिला समोर बसवून विचारले, तुला लग्न करायचे आहे का?

"हो," चांगुणा म्हणाली.

त्यांनी पुन्हा विचारले, तुला नको आहे का?

"हो," चांगुणा म्हणाली, आणि बरोबर आले का ते पाहायला तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिले.

इतक्या वर्षांत त्यांनी तिला फळे शिकवली होती, भांडी, वार, नातीगोती, रंग शिकवले होते. मनातले काही विचारायचे आणि सांगायचे तर त्याला लागणारे शब्द त्या पाठांत कुठेच नव्हते. सिंधूताईंनी तिला घरी जायला सांगितले.

आयतवारी त्या डोणगावला पोचल्या तेव्हा ओसरी सारवून झाली होती आणि सतरंज्या पसरलेल्या होत्या. दयारामने त्यांची जागा आधीच ठरवून ठेवली होती, दाराच्या चौकटीजवळ, बाहेरचा उजेड तोंडावर पडेल अशी. तानाबाईने त्यांना चहा आणून दिला. पाहुण्यांसाठी म्हणून धुऊन मांडलेल्या कपबशांकडे तिचा हात जाताना क्षणभर थांबला, मग त्यातलीच एक तिने उचलली.

दुपार कलायच्या आत पाहुणे आले. मुलाचे वडील भगवंतराव, आई सत्यभामाबाई, आणि इंद्रभान. इंद्रभान भिंतीला टेकून बसला आणि सतरंजीचा दोरा ओढत राहिला. भगवंतरावांच्या गालात पान होते. सिंधूताईंकडे कुणी फारसे पाहिले नाही.

चांगुणा पोह्यांच्या बशा घेऊन आली, त्या ठेवल्या आणि आईने शिकवल्याप्रमाणे समोर बसली. तिने एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती सिंधूताईंच्या तोंडावर आणून थांबवली.

भगवंतरावांनी बशीकडे पाहतच नाव विचारले. सिंधूताईंचे ओठ हलले.

"माझं नाव चांगुणा दयाराम."

आवाज जड होता, चढउतार नसलेला, पण शब्द सुटे सुटे आले. दयारामने मांडीवरचे हात सैल सोडले. गाव विचारले, शिक्षण विचारले. दोन्ही उत्तरे बरोबर आली. सत्यभामाबाईंनी स्वयंपाकाचे विचारले.

"मला स्वयंपाक येतो."

"पुन्याच्या बायकांवानी बोलते," सत्यभामाबाई नवऱ्याला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कौतुक नव्हते. भगवंतराव उठून ओसरीच्या कडेला गेले आणि थुंकून आले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. ती मंडळी खूश का नाहीत हे सिंधूताईंना कळेना. आवाजावरून त्यांना शंका आली असावी, असे त्यांनी धरले.

सत्यभामाबाईंनी बशी खाली ठेवली.

"दयारामभाऊ, आमाले तं सांगितलं होतं, पोरगी मुकी हाय म्हनून."

दयाराम घाईने पुढे सरकला. नाही नाही, कोणी सांगितले, तो म्हणू लागला. लहानपणी ताप आला होता, त्याने घसा बसला, बाकी काही नाही, आताच ऐकले ना तुम्ही.

"ऐकलं. म्हनून तं इचारते."

मग त्यांनी सरळच सांगितले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. दुकानात माल पाहून तो आपल्या कामाचा नाही असे सांगावे तशा त्या बोलत होत्या. घरात दोन सुना होत्या. हॉटेलामागे चूल होती आणि तिथे दोघींचे दिवसभर वाजत असे. गिऱ्हाईक चहा प्यायला बसे आणि भांडण ऐकून उठे. बियाण्याच्या दुकानदाराने डोणगावच्या मुक्या पोरीचे सांगितले तेव्हा त्यांना ते पटले होते.

"म्हनलं, तिसरी मुकी करू. काम करन, बोलन नाही."

आतल्या दारात तानाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. चांगुणा आता सिंधूताईंकडे पाहत नव्हती. ती सत्यभामाबाईंच्या तोंडाकडे पाहत होती, आणि मग बापाच्या.

दयारामला सावरायला वेळ लागला नाही.

"मुकीच हाय जी ते तशी," तो म्हणाला. बाईंनी पाच-सात शब्द घोकून घेतले आहेत, तेवढेच तिला येतात, बाकी काही नाही. उद्यापासून शाळा बंद. महिन्या-दोन महिन्यांत ती सारे विसरून जाईल, पहिल्यासारखी होईल. त्याने मागे वळून पाहिले. "बाई, सांगा ना."

सगळे वळले. सिंधूताईंना पाहुण्यांनी आत्ता प्रथमच नीट पाहिले.

"खरं काय, बाई?" सत्यभामाबाईंनी विचारले. "इसरन का थे?"

दिवाळीनंतर परत येणारी मुले सिंधूताईंनी दर वर्षी पाहिली होती. उत्तर त्यांना माहीत होते, आणि ते एकच होते. खोटे बोलणार नाही असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते.

"विसरते," त्या म्हणाल्या. "सराव नसला तर विसरते."

वर्गातल्या सवयीने त्यांनी ते स्वच्छ, सावकाश, ओठांची पूर्ण हालचाल करून म्हटले होते. चांगुणाने ते पाहिले. आपल्या बोलण्यातला शब्द न् शब्द तिच्यापर्यंत पोचला हे सिंधूताईंना तिच्या डोळ्यांवरून कळले, आणि मागे घेण्यासारखे आता काही उरले नव्हते.

भगवंतरावांनी मान डोलवली. मग विचार करू म्हणाले. दयाराम हसला.

चांगुणा उठून उभी राहिली. पाहुण्यांसमोर तिने उठायचे नव्हते. तानाबाईने आतून हाताने बस म्हणून खुणावले, पण तिने तिकडे पाहिले नाही.

"मी बोलन," ती म्हणाली.

दयारामच्या तोंडावरचे हसू तसेच राहिले. चांगुणाला आपला आवाज पोचला की नाही हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून तिने छातीवर हात ठेवून तो घुमतो का ते पाहिले आणि आणखी मोठ्याने, शेजारच्या घरापर्यंत जाईल असे, पुन्हा म्हटले.

"मी बोलन."

पुस्तकात हा शब्द असा नव्हता. पुढे घडायच्या गोष्टी सांगणारी रूपे सिंधूताई तिला पुढच्या वर्षी शिकवणार होत्या. तो शब्द या ओसरीवर थोड्या वेळापूर्वी सत्यभामाबाईंच्या तोंडी होता, आणि पोरीने तो तिथून घेतला होता.

सत्यभामाबाई तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"बोलन म्हनते," त्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि पदर सावरून उठल्या.

पाहुणे रीतीने निघाले. निरोप पाठवू म्हणाले. इंद्रभानने चपला घालता घालता एकदा मागे पाहिले, पण आई पुढे गेली होती. दयाराम त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेला. सिंधूताईंनी चांगुणाजवळ जाऊन काही म्हणायला तोंड उघडले, तेव्हा ती खाली वाकून बशा गोळा करत होती. बहिऱ्या माणसाला बोलणे नको असले की त्याने नुसती मान खाली घातली तरी पुरते. सिंधूताई एसटीच्या थांब्याकडे चालू लागल्या. वाटेत दयाराम समोरून येताना दिसला. त्याने नमस्कार केला नाही.

दुसऱ्या दिवशी चांगुणा शाळेत आली नाही. त्यानंतरही आली नाही. किसनरावांनी दुकानातून येता-जाता विचारले तेव्हा घरी काम असेल, असे सिंधूताईंनी सांगितले. त्यांनी फळांचा पाठ बाजूला ठेवून वर्गाला मी जाईन, मी देईन, मी येईन असे शिकवायला घेतले. मुलांना ते जड गेले. जे अजून झालेले नाही त्याचे चित्र फळ्यावर काढून दाखवता येत नव्हते. एका दुपारी एका मुलीने घडी सोडून हाताने पुढे, दूर, असे काहीसे केले, आणि सगळ्या वर्गाला एकदम समजले. सिंधूताईंनी तिला हात बांधायला सांगितले नाही.

एका सकाळी वर्ग नुकताच सुरू झाला होता आणि दारात कुणीतरी उभे राहिले. सिंधूताईंनी आधी त्याला ओळखलेच नाही. मागून चांगुणा पुढे आली तेव्हा त्यांनी पुन्हा पाहिले. दयारामचा वरचा ओठ कोरा होता. मिशीच्या जागी कातडी फिकी, इतकी वर्षे ऊन न लागलेली. घरातले वडीलधारे माणूस गेले तरच या भागात माणसे मिशी काढीत.

सिंधूताई खुर्चीतून उठल्या. घरी काही झाले का, त्यांनी विचारले.

"नाही. सारे बरे हायत." त्याने तोंडावरून हात फिरवला. "एसटीत बी सगळे हेच इचारून राह्यले होते."

तो आत आला नाही. चौकटीला धरून, जमिनीकडे पाहत, त्याने तुटक तुटक सांगितले. पाहुणे गेले त्या दिवशी तो पोरीवर खूप ओरडला. त्याने हात उचलला नाही, पण तोंडाला येईल ते बोलला. जन्मात तिला कधी इतके बोलला नव्हता, कारण बोलून उपयोग काय, असे वाटे. ती पळाली नाही, रडलीही नाही. जवळ येऊन त्याच्या तोंडाकडे डोळे बारीक करून पाहत राहिली.

"शिव्या देऊन राह्यलो होतो मी तिले, बाई. तिनं मिशीले हात लावला. म्हने, दिसत नाही."

दयारामने त्यापुढे काही सांगितले नाही. दुसरबीडहून निरोप आला नव्हता. दुसरे स्थळ कुठे पाहायचे आणि पाहायचे तेव्हा काय सांगायचे, हे तो विचारायला आला नव्हता. त्याला बाजाराला उशीर होत होता.

चांगुणा आपल्या जागेवर जाऊन बसली होती. तिथे बसू लागलेल्या नव्या मुलाने सरकून जागा करून दिली. दयाराम निघाला, मग काहीतरी आठवल्यासारखा परतला आणि बाकांच्या मधून चालत तिच्यासमोर गेला. नेहमीप्रमाणे त्याने तिच्या खांद्यावर थाप मारली. दोन बोटे उचलली, आणि ती तशीच मिटून घेतली.

"संध्याकायी घ्याले येतो," तो घाईघाईने म्हणाला.

चांगुणा त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"हळू," ती म्हणाली.

वर्गातली सगळी मुले आता त्याच्याकडे पाहत होती. दयारामने एकदा सिंधूताईंकडे पाहिले, वरच्या ओठावरचा घाम पुसला, आणि पुन्हा म्हटले, एकेक शब्द सुटा करून.